गवे तर रोज बांधावर येऊलालेत, मग प्राणी संपत चाललेत म्हणजे नेमकं काय?

जांबोटीवाट :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, लिहायला आजच बसलोय, लांब झालं तर सांभाळून घ्या.

मी बेळगावात उद्यमबागला फौंड्रीत कामाला आहे, गाव आमचं जांबोटीच्या पलीकडं. शनिवारी संध्याकाळी गावाला जातो आणि सोमवारी पहाटे परत. गावात आई-बाबा, भातशेती आणि थोडी काजू. दोन रविवार मागची गोष्ट. बाबा म्हणाले, खालच्या बांधाला फासकीत कायतरी अडकलंय, डुक्कर असेल, बघून ये. गेलो तर डुक्कर नव्हतं, खवल्या मांजर होतं. फासकी आमचीच. बाबांनी आणि शेजारच्या काकांनी मिळून लावलेली, मोटरसायकलच्या क्लच वायरची.

वायर मागच्या पायात रुतलेली आणि बाकी सगळं अंग गुंडाळून गोळा झालेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलो. खवल्यांच्या फटीत लाल माती सुकून बसलेली, प्रत्येक खवल्याच्या बुडाशी दोन-चार राठ केस, आणि हात लावला की फुस्स करून श्वास सोडायचं आणि अजून घट्ट व्हायचं. चावत नाही, ओरडत नाही, काहीच नाही, नुसतं घट्ट होतंय. घरी पळत जाऊन पक्कड आणलो, वायर तोडलो आणि लांब काजूच्या बुंध्याला जाऊन बसलो. अर्ध्या तासानं आधी नाक बाहेर आलं, मग पुढचे पाय. नखं इतकी मोठी की पंजा आत दुमडून मुठीवर चालल्यासारखं चालतंय. लंगडत लंगडत ओढ्याच्या झाडीत गेलं.

गावात हे कळलं तसं एकजण म्हणाला, सोडलास कशाला, लाखात जातंय ते. दुसरा म्हणाला, एक खवल्या मेला असता तरी काय जंगल रिकामं होणार होतं काय. पहिल्याला काय बोलायचं ते मी बोललो. दुसऱ्याला मात्र उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं विचारतोय.

पेपरात, मोबाईलवर सगळीकडं येतंय की माणसामुळं जगातले सस्तन प्राणी नामशेष होत चाललेत. पण आमच्याकडं बघितलं तर गवे रोज बांधावर, माकडं कौलावर, डुकरांनी तर भात लोळवून ठेवलंय, आणि अधनंमधनं हत्ती. बाबा म्हणतात आमच्या लहानपणी इतके गवे गावाजवळ कधी बघितलो नाही. मग जनावरं वाढलीत की कमी झालीत? दोन्ही खरं कसं असेल? आणि एखादी जात पूर्ण संपते ती शिकारीनंच काय, की अजून काही कारणं आहेत? जाणकारांनी जरा सोपं करून सांगा.


गुंजीचे गुरुजी :

पोरा, फासकी आमचीच होती हे सरळ लिहिलंस, बरं वाटलं.

तुझे बाबा म्हणतात ते खोटं नाही. मी सायकलवरनं आणि चालत शाळा केली, तेव्हा वर्षातनं एखाददा गवा दिसायचा, तोही लांबनं, आणि मग आठवडाभर वर्गात तीच गोष्ट चालायची. आता बसच्या खिडकीतनं दिसतात. पण दिसायला लागले म्हणजे सगळे वाढलेच असं धरू नकोस. गवा मुळात गवतावर जगणारा. पूर्वी रानात मोकळ्या जागा होत्या, गवत होतं. आता तिथं रानमोडी आणि घाणेरीची झुडपं माजलीत, त्यांना गवा तोंड लावत नाही. मधे मधे सागाची लागवड, तिच्याखाली नुसता पाचोळा. ओढे लवकर आटतात. आणि रानाच्या अगदी कडेपर्यंत आपला ऊस आणि भात येऊन टेकलाय. मग जनावर जिथं हिरवं दिसेल तिथं येणारच की. काही भागात गवे खरोखर वाढलेत, हेही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला आळा बसला आणि गुरांची बुळकांडी, म्हणजे रोगाची साथ, जी गव्यांनाही साफ करायची, ती २०११ मध्ये जगातनंच गेली. पण पोटासाठी शेतात उतरणाऱ्या कळपाकडं बघून रान भरलेलं आहे असं समजणं म्हणजे रेशनच्या दुकानापुढची रांग बघून गावात सुबत्ता आलीय म्हणण्यासारखं आहे.

हत्तींचंही तसंच. २००२ साली आपल्या बाजूनं हत्ती मांगेलीमार्गे दोडामार्गात उतरले, पुढं चंदगड, आजऱ्याकडं गेले. तिकडच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या हत्ती बघितला नव्हता. त्यांना वाटलं हत्ती वाढले. हत्तीच्या पायाखालचं रान मात्र तुकड्यातुकड्यांत होत गेलं होतं, धरणं, खाणी, रस्ते, आणि ते नवी जागा शोधत निघाले होते.

तुकडा हा शब्द तू लक्षात ठेव. मी रोज पहाटे हायवेच्या कडेनं फिरायला जातो. शाळेची एक जुनी कोरी हजेरीवही घरात होती, तिच्यात रस्त्यावर मेलेलं जनावर दिसलं की तारीख घालून लिहून ठेवतो. साळींदर, उदमांजर, ससा, वानर, मुंगूस. एकदा भेकर. गाडीवाला कोण ते कधीच कळत नाही, रात्रीत येतो आणि जातो. रस्ता रुंद झाल्यापासनं वहीची पानं लवकर भरायला लागलीत. पण मेलेलं निदान दिसतं तरी. जे रस्ता ओलांडायलाच घाबरतं आणि अलीकडंच राहतं, ते वहीत येत नाही. अलीकडचे चार आणि पलीकडचे पाच, एकमेकांना कधी भेटायचेच नाहीत. मग आपसातच पैदास, पिल्लं कमकुवत, आणि एखाद्या वर्षी रोग आला, वणवा लागला की त्या तुकड्यातले सगळे जातात. बंदुकीची गोळी एकही सुटलेली नसते.

आपल्याकडचं भीमगड, खाली काळीचं व्याघ्र प्रकल्पाचं रान, पलीकडं गोव्याचं म्हादई आणि वर तिळारी, राधानगरी, चांदोली, ही सगळी एकच साखळी आहे. तिनईघाट ते कॅसलरॉक ते कुळे ह्या रेल्वेच्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंजुरी सुप्रीम कोर्टानं मे २०२२ मध्ये रद्द केली ती ह्याच कारणानं महत्त्वाची. एक कडी तुटली तर वरचा वाघ वर आणि खालचा खाली.


माळावरचा :

गुरुजी रानाचं बोल्ले, मी माळाचं बोल्तो, कारण जंगल म्हटलं की सगळी खानापूरकडं बगत्यात आणि आमच्या गोकाक, रायबागकडं काय जनावरच न्हाई असं वाटतंय लोकास्नी.

आमी धनगर. माझा आज्जा सांगायचा, लांडगा हा माळाचा मालक हाय, वर्साला दोन-चार मेंढरं त्येची म्हणूनच धरायची. राग यायचा न्हाई असं न्हाई, कुत्री अंगावर सोडायची, काठ्या घेऊन पळायचं, पर मुळावर उठायचं न्हाई. मी सा-सात वर्साचा असताना आज्जानं मला घळीत पालथं झोपवून लांडग्याची पिल्लं दाखिवली हुती. चार हुती. कान अजून लोंबतेत, रंग मातीसारखा, आणि एकमेकाच्या शेपट्या वढत्यात. आई लांब टेकाडावर हुबी ऱ्हाऊन आमच्याकडं बगत हुती, हलली न्हाई. आज्जा म्हनला आता चल, तिला तरास नको.

ती घळ आता न्हाई. कालव्याचं पाणी आलं, जेसीबीनं सपाट करून ऊस लावला. मी कुणाला नावं ठिवत न्हाई, ऊस आमच्याबी चुलत्यानं लावलाय, पाणी आल्यावर कोन लावायचा न्हाई. पर कागदावर त्या माळाला काय म्हंत्यात म्हाईत हाय? पडीक. पडीक म्हटलं की मग खडीची खाण काढा, सोलर पॅनेल बसवा, न्हाईतर निलगिरीची झाडं लावून पर्यावरण वाचिवलं म्हणा. गवताळ माळावर झाडं लावली म्हंजे चांगलंच काम झालं असं समद्यास्नी वाटतंय. लांडगा, चिंकारा, काळवीट, खोकड ही उघड्यावर पळणारी जनावरं, लांबचं दिसलं पायजे त्येंना. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात चिंकारासाठी यडहळ्ळीला २०१६ साली अभयारण्य केलं, ते बरं झालं, पर असले माळ राखलेले किती हायत, बोटावर मोजा.

अजून एक. सगळ्या देशात लांडगं तीन हजाराच्या आसपास असतील असा अंदाज हाय. वाघ २०२२ च्या गणतीत ३,६८२. म्हंजे लांडगा वाघापरास कमी भरला. वाघासाठी जीव टाकणारी मानसं हायत, लांडगा मेला तर पीडा गेली म्हंत्यात.

आणि कुत्री. गावाभायेर कोंबड्याचा कचरा टाकत्यात, त्येच्यावर वीस-तीस कुत्री पोसत्यात, मग ती माळावर चिंकाऱ्याची पाडसं फाडत्यात. त्येंचा रोग लांडग्याला लागतुय. पुण्याजवळच्या माळावर तर लांडगा-कुत्रं संकर झालेलं तपासणीत सापडलंय. असं झालं तर लांडगा मरायबी लागत न्हाई, हळूहळू कुत्र्यात मिसळून जातुय.


नंदगडचा शेतकरी :

सगळं वाचलो. वाईट वाटून घेऊ नका पण मी जरा वेगळं बोलणार.

मागच्या हंगामात माझा दीड एकर भात कापायच्या आधी चार दिवस डुकरांनी लोळवला. त्याच्या आदल्या वर्षी हत्ती उसात शिरून गेला, ऊस खाल्ला तो खाल्ला, पाइपलाइन पण उचकटून टाकली. ऑक्टोबर ते डिसेंबर आम्ही शेतातल्या माळ्यावर झोपतो, एका हातात बॅटरी आणि एका हातात पत्र्याचा डबा. वय चोपन्न. थंडीत रात्रभर डबा बडवून सकाळी परत कामाला लागायचं. भरपाईसाठी फोटो काढा, अर्ज लिहा, उतारा जोडा, आज साहेब नाहीत उद्या या. मिळाले तेवढ्या पैशात बियाणं पण निघालं नाही.

जनावरं संपू नयेत हे मलापण वाटतंय. माझ्या पोरांनी पण गवा बघावा. पण प्रत्येक वेळी फासकी लावणारा शेतकरी तेवढा दिसतो, आणि रस्ता रुंद करणारा, डोंगर फोडणारा, रानात रिसॉर्ट बांधणारा कुणाला दिसत नाही. शहरातल्या माणसानं वाघाच्या फोटोला लाईक द्यायचं आणि रात्र आम्ही जागायची, असं किती दिवस चालणार? आम्ही काय करायचं ते पण सांगा.


स्वाती टिळकवाडी :

नंदगडचे दादा, तुमचं एकही वाक्य मला खोडता येत नाही. जनावर वाचवायचा खर्च सगळ्या समाजाचा असायला पाहिजे आणि तो फक्त काठावरच्या शेतकऱ्याकडनं वसूल होतोय, हे चूकच आहे. चोर्ल्याच्या पलीकडं गोव्यात सत्तरीतल्या गोळावलीला जानेवारी २०२० मध्ये वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. गाय मारली म्हणून. त्या गायवाल्याला नुकसान भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळेल असा भरवसा असता तर कदाचित ते चार वाघ आज असते.

मी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. जांबोटीवाट यांनी जे विचारलंय की वाढलेत आणि संपलेत दोन्ही खरं कसं, तो प्रश्न मला फार आवडला. दोन्ही खरंच आहे, आणि एकाच कारणानं.

रानडुकराची मादी एका वेतात चार-सहा पिल्लं घालते, कधी जास्तच, आणि ती पिल्लं वर्षा-दीड वर्षात स्वतः वियायला तयार. खायला काहीही चालतं. आपल्या शेतांमुळं, कचऱ्यामुळं अशांचं उलट भलंच होतं. माकडांचंही तेच. आता खवले मांजर घ्या. वर्षाला बहुतेक एकच पिल्लू, ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं. खाणं फक्त मुंग्या आणि वाळवी. हत्तिणीला बावीस महिने पोट असतं आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचं अंतर. म्हणजे त्याच बांधावर, त्याच फासकीत दहा डुकरं मेली तर पुढच्या पावसाळ्यात ती भरून निघतात, पण तीन-चार खवले मांजरं गेली तर त्या ओढ्यातलं ते कुळच गेलं. फासकी सगळ्यांना सारखी लागते, भरून निघणं सारखं नसतं. म्हणून तुमच्या गावातल्या त्या दुसऱ्या माणसाला सांगा, जंगल रिकामं होत नाही, जंगल बदलतं. लवकर वाढणारे चार-पाच प्रकार उरतात आणि तेच सगळीकडं दिसतात, म्हणून वाढले असं वाटतं.

खवले मांजराच्या बाबतीत अजून एक. संकट आलं की गुंडाळून गोळा व्हायचं, ह्या युक्तीपुढं बिबट्याचेही दात चालत नाहीत. माणसापुढं मात्र तीच युक्ती उलटते, कारण आपण तो गोळा उचलून पोत्यात घालू शकतो. जगात सगळ्यात जास्त चोरटा व्यापार होणाऱ्या सस्तन प्राण्यांत त्याचं नाव पहिलं येतं. खवल्यांत औषध आहे म्हणून, आणि त्या खवल्या कशाच्या असतात, तर आपल्या नखांच्याच पदार्थाच्या, केराटिनच्या. २०१६ मध्ये आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं, २०२० मध्ये चीननं सरकारी औषधांच्या यादीतनं त्याचं नाव काढलं, तरी व्यवहार थांबलेला नाही. लाखात जातंय म्हणणाऱ्याला हेही सांगा की आपल्याकडं हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या सूचीत आहे, तीन ते सात वर्षं तुरुंग आहे.

आता शिकारीनंच संपतात का. काही संपलेत. स्टेलरची समुद्रगाय म्हणून आठ-नऊ मीटर लांबीचा एक शांत प्राणी होता, १७४१ मध्ये बेरिंग समुद्रात खलाशांच्या नजरेला पडला आणि १७६८ पर्यंत खाऊन संपवला. सत्तावीस वर्षं. पण आपल्या जवळचं उदाहरण चित्त्याचं आहे, आणि ते नुसतं शिकारीचं नाही. कोल्हापूर दरबारी चित्ते पाळले जायचे हे तुमच्यापैकी जुन्या लोकांनी ऐकलं असेल. डोळ्यावर पट्टी बांधून चित्त्याला गाडीवरनं माळावर न्यायचं, काळविटांचा कळप दिसला की पट्टी काढायची. चित्ता माणसाच्या ताब्यात जवळजवळ वीतच नाही. म्हणून दरबाराला नवीन चित्ता हवा असला की रानातनं पकडायचा. शेकडो वर्षं हिंदुस्थानभर हेच चाललं, रान रिकामं होत गेलं. शेवटी शेवटी तर कोल्हापूरला आफ्रिकेतनं चित्ते मागवावे लागले, ह्यावरनंच समजा. त्यात इंग्रजांच्या काळात काही ठिकाणी मारायला बक्षीस, आणि माळावरचे दादा म्हणतात तसे माळ नांगरले गेले, काळवीट कमी झाले. १९४७ मध्ये आताच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते एका रात्रीत मारले गेले आणि १९५२ मध्ये देशातनं चित्ता संपल्याचं जाहीर झालं. आता २०२२ पासनं आफ्रिकेतनं आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या रानात सोडलेत, म्हणजे गेलेलं परत आणायला किती खटाटोप पडतो ते दिसतंच आहे.

आकडा पाहिजे असेल तर २०१८ मध्ये एक हिशोब झाला होता. पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं वजन केलं तर साधारण ६० टक्के आपली गुरंढोरं, ३६ टक्के आपण माणसं, आणि देवमाशापासनं उंदरापर्यंत सगळे रानटी मिळून ४ टक्के. मी हा आकडा वर्गात सांगते तेव्हा पोरं वहीत खाली मान घालून लिहितात, पण एका वर्षी एका मुलीनं हात वर करून विचारलं, मॅडम मग जंगल म्हणजे आता फक्त झाडं का? मला काही क्षण बोलता आलं नाही.

पण सगळं गेलंच असं समजू नका. कझाकस्तानात सायगा नावाचं हरीण आहे, २०१५ मध्ये काही आठवड्यांत दोन लाखांच्या वर मेली, एका जिवाणूनं, हवा अचानक उबदार आणि दमट झाली होती. लोकांनी आशा सोडली होती. शिकार कडक बंद ठेवली, माळ राखले, आणि आज ती दहा लाखांच्या वर आहेत. सायगाला बहुतेक जुळं होतं, म्हणून इतकं लवकर जमलं. आपला एकशिंगी गेंडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शे-दोनशेवर आला होता, आज चार हजारांच्या आसपास आहे, पण त्याला शंभर वर्षं लागली.


अनगोळचा मंजू :

मॅडम, कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री, अजून आहेत काय आपल्याकडं? आजोबांच्या तोंडनं फक्त ऐकलोय.


स्वाती टिळकवाडी :

आहेत. भीमगड आणि दांडेलीच्या रानात आहेत. पण जगात मिळून पिल्लं घालणारे मोठे कोळसुंदे अडीच हजारसुद्धा भरत नाहीत. कळपानं राहतात, शिकारीला सांबर-भेकर लागतं, आणि गावच्या कुत्र्यांचा डिस्टेंपर, रेबीज आला तर अख्खा कळप एकदम जातो.


गुंजीचे गुरुजी :

स्वातीताई, तुमचं वाचून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. वाघ-हत्ती सगळ्यांना माहीत आहेत, पण आपल्या तालुक्यात एक असा प्राणी आहे जो कित्येक वर्षं जगात दुसरीकडं कुठंच माहीत नव्हता.

तळेवाडीजवळ बारापेडे म्हणून गुहा आहे. १९१२ च्या सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत तिथं एक वटवाघूळ सापडलं, १९१३ मध्ये त्याला रॉटन साहेबाचं नाव दिलं गेलं. पुढं जवळजवळ नव्वद वर्षं जगात त्याचा पत्ता एकच, बारापेडे, तालुका खानापूर. मग मेघालयात आणि कंबोडियात थोडी सापडली. मी तिकडं शाळेवर होतो तेव्हा गावातला एक म्हातारा मला संध्याकाळी तोंडापर्यंत घेऊन गेला होता. आत नाही गेलो, तोच जाऊ देईना. आतनं दमट, अमोनियासारखा डोळे चुरचुरणारा वास येत होता आणि अंधार पडता पडता ती बाहेर पडायला लागली, एकेक, मग तीन-चार, कान पुढं आलेले, इतकी वेगानं की वारा गालाला लागायचा. चहाच्या कपात मावेल एवढा जीव. मला तेव्हा माहीत नव्हतं मी काय बघतोय. शहरातनं पुस्तक आल्यावर वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

पूर्वी लोक खायला, औषधाला म्हणून वटवाघळं मारायचे, गुहेत धूर करायचे. वटवाघळाला पण बहुतेक वर्षाला एकच पिल्लू. एखाद्या उनाड टोळक्यानं एका दुपारी आत जाऊन जाळ केला असता तर तेव्हाच्या माहितीप्रमाणं जगातली एक जात त्या दुपारी संपली असती. हत्तीसारखी बातमीपण झाली नसती. २०११ मध्ये भीमगडचं सुमारे १९० चौरस किलोमीटर अभयारण्य झालं, त्यात ती गुहा आली, म्हणून निदान आता जाता-येता कुणी आत शिरत नाही. त्यासाठी तिथल्या गावांना काय काय सोसावं लागतंय, रस्ता नाही, वीज नाही, ते पण मी बघितलंय, तेव्हा नंदगडकरांचं दुखणं मला परकं नाही.


जांबोटीवाट :

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या रविवारी हे सगळं मोबाईलवरनं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलो. माळावरच्या दादांची लांडग्याची गोष्ट दोनदा वाचायला लावले.

वाचून झाल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, दोन वर्षात त्या फासक्यांत डुक्कर एकच घावलं, बाकीची शिकली, वास घेऊन बाजूनं जातात. मी विचारलो, मग बाकी काय काय घावलं? तेव्हा एकेक सांगायला लागले. दोन साळींदरं, एक भेकर, शेजारच्यांचं कुत्रं, आणि एक उदमांजर. मला ह्यातलं कुत्र्याचं तेवढं माहीत होतं. मग आम्ही दोघं उठलो आणि बांध फिरून सगळ्या काढल्या, आमच्या बाजूच्या सात. शेजारच्या काकांनी त्यांच्या चार अजून काढल्या नाहीत, म्हणाले भात घरात येऊ दे मग बघू. त्यांच्याशी भांडलो नाही. परत बोलणार आहे.

ओढ्याकडं पण जाऊन आलो. जिथं ते खवल्या शिरलं होतं तिथनं थोडं वर एक वारूळ ताजं उकरलेलं दिसलं, माती ओली होती आणि भोकाच्या तोंडाशी नखांच्या खोल रेघा. तेच असेल की दुसरं, कसं सांगणार.


नंदगडचा शेतकरी :

ताई, गुरुजी, उत्तर दिलात, बरं वाटलं. बाकीचे नुसते उपदेश करतात. जनावरं अडवायला सोलर कुंपण म्हणतात ते कुणी खरंच वापरून बघितलंय काय? आमच्याकडं एकानं घरच्या लाईनीतनं करंट सोडला होता, त्यात माणूस दगावता दगावता वाचला.


स्वाती टिळकवाडी :

घरचा करंट अजिबात नको, तो गुन्हा आहे आणि त्यानं हत्तीही मरतात, माणसंही. सोलरचा झटका थांबून थांबून येतो, जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. पण खाली गवत वाढून तारेला टेकलं की झटका उतरतो, आणि बॅटरी बघावी लागते, म्हणून एकट्यानं लावून उपयोग कमी. पाच-सहा शेतं मिळून एकच कुंपण केलं आणि पाळीनं गवत काढलं तर टिकतं. अनुदानाचं रयत संपर्क केंद्रात आणि वन खात्यात दोन्हीकडं विचारा. आणि जनावर अडकलेलं दिसलं तर १९२६ वर फोन लावा, वन खात्याचा नंबर आहे.


नंदगडचा शेतकरी :

पाच-सहाजण जमतील आमच्या बाजूला. बघतो विचारून.


गुंजीचे गुरुजी :

जांबोटीच्या पोरा, काढलेल्या वायरी कुठं टाकल्यास? उकिरड्यावर टाकू नकोस आणि भंगारवाल्याला पण देऊ नकोस, कुणीतरी उचलून परत लावतंय.


जांबोटीवाट :

पक्कडीनं बोटाएवढे तुकडे केलो गुरुजी. डब्यात घालून बेळगावला आणलोय.